गाडी दिव्याला आहे, हे सांगणारा कोण?

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मी छत्री मिटत होते आणि फोनवर लागोपाठ तीन ग्रुप वाजले. एक आमच्या लेडीज डब्याचा, एक सोसायटीचा, एक जुन्या एम.एस्सी.च्या बॅचचा. तिन्हीकडे एकच बातमी: ठाकुर्लीजवळ रुळाला तडा, फास्ट गाड्या बंद. तीन वेगळ्या ठिकाणांहून तेच कळतंय म्हणजे खरं असणार, असा हिशेब करून मी पुलावरूनच परत फिरले. रिक्षा, मग बस, मग शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. लॅबमधल्या मशीनवरचा माझा स्लॉट गेला, आणि तो पुढे तीन आठवडे मिळाला नाही. संध्याकाळी कळलं की गाड्या पंधरा मिनिटं उशिराने का होईना, धावत होत्या. रात्री ते तीन मेसेज पुन्हा उघडून पाहिले, तर तिन्हींत ‘तडा’ऐवजी ‘तढा’ लिहिलेलं. म्हणजे साक्षीदार तीन नव्हतेच. एकाच कुणाचा तरी मेसेज तीन दारांनी माझ्याकडे आला होता.

त्याच लेडीज डब्याच्या ग्रुपमधली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कल्याणहून चढणाऱ्या एक ताई रोज लिहायच्या: निघाली, ठाकुर्ली सोडली, सिग्नलला उभी आहे. त्यांच्या भरवशावर आम्ही दहा-बारा जणी घरून निघायचो. एके दिवशी त्या ग्रुप सोडून गेल्या. नंतर समजलं की कुणा सदस्याच्या फोनवरून ते मेसेज एका माणसाने महिनोन्‌महिने वाचले होते. ताई कोणत्या गाडीला असतात, कोणत्या डब्यात, कोणत्या वारी येत नाहीत, सगळं त्याला पाठ झालं होतं. तो ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उभा राहायला लागला. ताईंनी स्वतःबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्या फक्त गाडीबद्दल लिहीत होत्या.

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आता हेच दोन किस्से सांगते. सिनॉप्सिसवर मात्र भारदस्त नाव आहे: विकेंद्रित क्राउडसोर्सिंगमध्ये गोपनीयता आणि विश्वास यांचा समतोल. ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द जेफ हाउ या पत्रकाराने २००६ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात रूढ केला. एक काम अनेक अनोळखी लोकांत वाटून त्यांची उत्तरं एकत्र करायची, एवढाच त्याचा अर्थ. ‘विकेंद्रित’ म्हणजे मधोमध एखादी कंपनी किंवा ऑफिस बसलेलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पेट परीक्षेच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असतील. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे मागच्या पाच वर्षांचे पेपर, असा माझाही समज होता. गाईडनी विचारलं, "हा प्रश्न पहिल्यांदा कधी पडला?" मी म्हटलं, ब्लॉकचेन आल्यावर. ते हसले आणि म्हणाले, अडीचशे वर्षं मागे जा.

गेले. १७६० च्या दशकात ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन यांना दर्यावर्दी लोकांसाठी ‘नॉटिकल अल्मनॅक’ काढायचं होतं. १७६७ या वर्षाचा अंक पहिला. त्यात चंद्राची वर्षभराची स्थानं लागत, आणि ती आकडेमोड प्रचंड होती. मॅस्कलिननी ती इंग्लंडभर विखुरलेल्या माणसांना वाटून दिली. त्यांना ‘कम्प्युटर’ म्हणत. हा शब्द तेव्हा माणसालाच लागू होता. घरी बसून गणित करायचं, कागद टपालाने पाठवायचे, कामाप्रमाणे पैसे घ्यायचे. एवढ्या लांबच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मॅस्कलिनचा उपाय असा की दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करायचं आणि तिसऱ्याने, म्हणजे ‘कम्पेरर’ने, ते ताडून पाहायचं. दोघंही चुकतील, पण एकाच जागी एकसारखे कसे चुकतील? ही कल्पना आजही माझ्या क्षेत्राचा पाया आहे.

पण १७७० च्या सुमारास जोसेफ कीच आणि रूबेन रॉबिन्स हे दोन कम्प्युटर एकमेकांचं बघून लिहिताना पकडले गेले आणि दोघांची कामं गेली. कागद दोन होते, साक्ष एकच होती. माझ्या तीन ग्रुपचं तेच झालं होतं. फरक एवढाच की मला कम्पेरर नव्हता आणि मी ‘तढा’ उशिरा वाचला.

त्याच यादीत लडलो गावच्या जॉन एडवर्ड्स यांचं नाव आहे. त्यांच्या नावावर वर्षानुवर्षं काम जात होतं, मानधन येत होतं. १७८४ मध्ये ते वारले, आणि मग उघड झालं की गणितं बहुतांशी त्यांची पत्नी मेरी करत होती. पुढे मेरी एडवर्ड्स स्वतःच्या नावाने काम करत राहिल्या. मला या घटनेचं फार महत्त्व वाटतं. इतकी वर्षं ग्रीनिचला चुकीचं नाव माहीत होतं आणि तरीही तक्ते बरोबर होते. विश्वास नावावर उभा नव्हता, ताडून पाहण्यावर उभा होता. उलट कीच आणि रॉबिन्स यांची नावं अगदी बरोबर माहीत होती, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसरा टप्पा प्लिमथचा. १९०७ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. (हेच ते युजेनिक्सवाले गॉल्टन. सामान्य माणसाच्या अकलेबद्दल त्यांचं मत फार बरं नव्हतं, म्हणून तर हा लेख गमतीचा आहे.) गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याची पैज लागली होती. ७८७ वाचता येण्याजोगी तिकिटं गॉल्टनना मिळाली. सगळ्या अंदाजांच्या मधोमध येणारा आकडा निघाला १२०७ पौंड; खरं वजन ११९८. गर्दीचं शहाणपण म्हणून ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मूळ लेखात आहेत. एक, तिकिटाला सहा पेन्स पडत होते, आणि या फीमुळे टवाळखोर दूर राहिले असं गॉल्टन स्वतः नोंदवतात. दोन, प्रत्येक तिकिटावर नाव आणि पत्ता लिहायचा होता, आणि पैज संपल्यावर ती तिकिटं गॉल्टनना अभ्यासासाठी उसनी मिळाली. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीसमोर हे गेलं तर पहिला प्रश्न येईल, त्या लोकांची संमती कुठे आहे? बैलाचं वजन काढायला पत्ता लागत नव्हताच. तो बक्षीस पोचवायला लागत होता.

हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. ओळख बहुतेक वेळा उत्तर खरं ठरवायला लागत नाही. ती बक्षीस द्यायला किंवा शिक्षा करायला लागते.

मग नाव अजिबात न घेता खरं कसं काढायचं? १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने एक युक्ती मांडली. तिचं सोपं रूप सांगते. समजा लोकलमधल्या २०० जणांना विचारायचंय, कधी विनातिकीट गेलात का? प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर, काटा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. समजा १३० ‘हो’ आले. त्यातले साधारण १०० काट्याचे. उरलेल्या १०० छापावाल्यांत ३० खरे ‘हो’, म्हणजे सुमारे तीस टक्के. एकाही माणसाकडे बोट दाखवता येत नाही, आणि आकडा तर मिळाला. २००६ मध्ये आलेल्या ‘डिफरन्शिअल प्रायव्हसी’च्या मुळाशी हाच विचार आहे. पण ही युक्ती बेरजेसाठी आहे. गाडी आत्ता दिव्याला उभी आहे का, याचं उत्तर देणारे तिघंच असतील आणि त्यांनी नाणी उडवली, तर प्लॅटफॉर्मवर काय गोंधळ होईल याची कल्पना करा. नव्या विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते: ‘गर्दीचा कल’ आणि ‘एक घटना’ हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

एका घटनेसाठी उपयोगी पडणारी कल्पना डेव्हिड चॉम यांची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. कार्बन पेपर घातलेलं बंद पाकीट डोळ्यांसमोर आणा. आत तुमची चिठ्ठी. खिडकीवरचा क्लार्क तुमचं ओळखपत्र बघतो, पाकिटावर शिक्का मारतो, शिक्का कार्बनमधून आतल्या चिठ्ठीवर उमटतो. तुम्ही बाहेर येऊन पाकीट फाडता आणि चिठ्ठी वापरता. क्लार्कला नंतर चिठ्ठी दाखवली तर शिक्का माझाच, हे तो ओळखेल. पण ती कोणाच्या पाकिटातली, हे त्याला कधीच सांगता येणार नाही. गणितात याला अंध स्वाक्षरी म्हणतात. पात्रता तपासली गेली, ओळख मात्र मागेच राहिली.

पण खिडकी लागलीच ना? २००२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉन डूसर यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका स्त्रीवरच्या पुस्तकावरून त्यांनी हल्ल्याला ‘सिबिल’ नाव दिलं: एकच माणूस शंभर खाती उघडतो आणि शंभर जणांचं मत म्हणून स्वतःचंच मत मांडतो. त्यांचा निष्कर्ष असा की कुठेतरी ओळख पडताळणारी विश्वासू यंत्रणा नसेल, तर व्यवहारात हा हल्ला रोखता येत नाही. पूर्ण विकेंद्रित, पूर्ण निनावी आणि तरीही एका माणसाला एकच मत, हे तिन्ही एकदम मागू नका. गॉल्टनच्या पैजेत हे काम सहा पेन्सनी केलं होतं. शंभर तिकिटं घ्यायची तर सहाशे पेन्स मोजा.

इथपर्यंत वाचून हे सगळं इंग्लंड-अमेरिकेतलं वाटेल. आपल्याकडे याची किंमत कशी मोजली गेली, ते सांगायला हवं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. सोलापूरकडून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ची खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. मग मागणी वाढली की मेसेज मुळात कोणी लिहिला ते सांगा. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी मूळ प्रेषकाची माहिती मेसेजला जोडण्याचा प्रस्ताव दिला. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्याच्या परिणामकारकतेवर आणि गोपनीयतेवरच्या आघातावर आक्षेप घेतले. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत पहिल्या प्रेषकाचा माग देण्याची तरतूद आली, आणि मे महिन्यात व्हॉट्सअॅप तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

सुरुवातीला मी मागाच्या बाजूची होते, हे कबूल करते. पाच माणसं गेली आहेत, आणि आपण गोपनीयतेच्या गप्पा काय मारतोय? पण ग्रीनिचचा इतिहास वाचल्यावर मला राईनपाडा वेगळं दिसायला लागलं. अशी अफवा येते कोणाकडून? चुलतभावाकडून, शेजाऱ्याकडून, म्हणजे ओळखीच्या नावाने. शिवाय एकच मेसेज दहा जणांकडून आला की दहा साक्षीदार असल्यासारखं वाटतं. निनावीपणा ही तिथली खरी अडचण नव्हती. नावं होतीच, आणि त्या नावांमुळेच खोट्याला वजन आलं. नव्हतं ते कीच आणि रॉबिन्सना पकडणारं कुणीतरी, दहा मेसेज म्हणजे एकच मेसेज आहे हे सांगणारं. प्रेषकाचा माग काढून नंतर कुणाला तरी अटक करता येईल. त्या बाजाराच्या दिवशी जमावासमोर त्याचा काही उपयोग नव्हता. ‘फॉरवर्डेड’ची खूण दिसायला किरकोळ आहे, पण ती नाव न सांगता एवढं तरी सांगते की या माणसाने हे स्वतः लिहिलेलं नाही. मला ती जास्त हुशार वाटते.

आता परत आपल्या लाईनवर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून ‘गाडी कुठे आहे’ हा प्रश्न इथल्या लोकांच्या पाचवीला पुजलेला. २०१० च्या सुमारास सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ आलं. आधी ते इंटरनेटशिवाय चालणारं, खिशातलं वेळापत्रक होतं. पुढे त्यात प्रवाशांनी एकमेकांना गाडीची खबर देण्याची, चॅटची सोय आली. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्सचं अॅप. डब्यातला फोन कोणत्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात आहे त्यावरून ते गाडीची जागा ओळखू शकतं. डिसेंबर २०१८ मध्ये ते गूगलने घेतलं. २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ अॅपवर लोकलची जागा थेट दिसू लागली. हा तिसरा प्रकार गोपनीयतेच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ, कारण तिथे गाडी स्वतःबद्दल बोलते, माणूस नाही. तरी लोक चॅट सोडत नाहीत. गाडी कुठे आहे हे यंत्र सांगतं. का अडकली, डब्यात पाय ठेवायला जागा आहे का, पुढची रिकामी येतेय का, हे माणूसच सांगतो.

किंवा सांगत नाही. डोंबिवलीकरांना ‘रिटर्न’ माहीत आहे: उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं. कोणती गाडी रिकामी मिळते हे ज्याला कळलं, तो ते जगाला का सांगेल? म्हणून संशोधनात बक्षीस येतं. बक्षीस आलं की खोटी खाती येतात, दुसऱ्याचं उत्तर बघून लिहिणं येतं, आणि पैसे कोणाला द्यायचे म्हणून नाव येतं. गॉल्टनचं तिकीट पुन्हा हातात.

आणि नाव काढून टाकलं तरी सुटका नाही. २०१३ मध्ये द मॉंट्ज्वा आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांचा पंधरा महिन्यांचा मोबाइल डेटा तपासला. नाव-नंबर काही नाही, फक्त कोणता तास आणि कोणता टॉवर. एवढ्यावरही अशा चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरेशा होत्या. आता कल्याणहून रोज त्याच गाडीला चढणाऱ्या बाईचा विचार करा. टोपणनाव ‘प्रवासी४५’ ठेवलं तरी काय? टोपणनाव रोज तेच राहिलं, तर तेच नाव झालं. ताईंच्या बाबतीत घातक ठरली ती कुठलीही एक खबर नव्हे, रोजच्या खबरांची एकमेकींशी लागलेली साखळी होती.

याच ठिकाणी २०१८ चा, लू, तांग आणि वांग यांचा ‘झेब्रालान्सर’ हा पेपर मला आवडतो. ब्लॉकचेनवर सगळं उघड असतं, म्हणून उत्तरं कुलूपबंद करून टाकायची. मग दुसऱ्याचं बघून लिहिता येत नाही. बक्षीस ठरल्याप्रमाणे वाटलं गेलं याचा पुरावा उत्तरं न उघडता द्यायचा. आणि सर्वात सुंदर भाग: एकाच कामाला कुणी दोनदा उत्तर दिलं तर ती दोन उत्तरं एकाच माणसाची आहेत हे उघड होतं, पण दोन वेगळ्या कामांतली उत्तरं एकाच माणसाची आहेत का, हे कुणालाच कळत नाही. आपल्या भाषेत: आजच्या गाडीला ताईंचं मत एकदाच मोजलं जाईल, पण आजच्या ताई आणि उद्याच्या ताई यांच्यात धागा राहणार नाही.

मात्र पेपर नीट वाचला तर सुरुवातीला एक नोंदणी प्राधिकरण बसलेलं सापडतं. प्रत्येक माणसाला एक प्रमाणपत्र तेच देतं. डूसर यांची खिडकी! ती लपवलेली नाही, पण ‘विकेंद्रित’ शब्दाच्या झगमगाटात ती दिसत नाही. या विषयावरचा कुठलाही पेपर उघडला की मी आता आधी तीच शोधते. नोंदणी कोण करतं, त्याला काय दिसतं, आणि तो विकला गेला तर काय? एका सेमिनारमध्ये मी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "वी अझ्यूम अ ट्रस्टेड अथॉरिटी." पुढची स्लाईड.

आमच्या लाईनसाठी ती खिडकी कोणाची असावी, यावर माझं तिसरं प्रकरण अडलंय. रेल्वेच्या पासला जोडली तर पास नसलेले आणि आज तिकीट काढून जाणारे बाहेर राहतात. आधारला जोडा म्हणणारे पुष्कळ भेटतात. गाडी दिव्याला आहे एवढं सांगायला आधार, हे माझ्या गळी उतरत नाही. एकाच डब्यातले फोन ब्लूटूथने एकमेकांची हजेरी लावू शकतील का, हे सध्या तपासतेय. गर्दीच्या वेळी शेजारच्या डब्याचे सिग्नलही पकडले जातात, त्यामुळे आकडे अजून समाधानकारक नाहीत.

ग्रुपवर आम्ही तोपर्यंत साधा नियम केलाय. स्वतः पाहिलं असेल तर ‘पाहिलं’ लिहायचं, नाहीतर ‘ऐकलं’. आणि मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सेटिंग लावली आहे. ताई परत आलेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात ठाण्याला पुलावर भेटल्या. आता वेगळ्या वेळच्या गाडीला असतात. कोणत्या, ते मी विचारलं नाही.